पोट सुटलेला हिरा

आधी नाकाचा शेंडा हलायचा. मग डावी नाकपुडी वर चढायची आणि तिच्या मागोमाग वरचा ओठ. शेवटी उजव्या हाताची दोन बोटं पँटला पुसली जायची, गटारातून काही उचलल्यावर पुसतात तशी. एवढं झालं की ते चिमटा खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "मेलेला हाय."

हिऱ्याबद्दल म्हणायचे. तुम्ही विचाराल, हिरा कसा मरतो? मीही विचारलं होतं. तेव्हा त्यांनी माझ्याकडेही त्याच नाकानं पाहिलं होतं.

त्यांचं नाव मी सांगणार नाही. त्यांची मुलगी सासरी सुखानं नांदते आहे, आणि मी जे सांगणार आहे ते तिच्या घरी कळलं तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. गावंही थोडी इकडची तिकडे केली आहेत, शोधायला जाऊ नका. आम्ही त्यांना भाऊ म्हणत असू, तेवढं पुरे.

माझं मालेगावात सोन्या-चांदीचं लहानसं दुकान आहे. आमचं मालेगाव म्हणजे वाशीम रोडवरचं, जहागीर मालेगाव. मालेगाव म्हटलं की लोकांना नाशकाकडचंच आठवतं, म्हणून सांगावं लागतं. भाऊ हिऱ्यांची दलाली करायचे. सुरतेहून माल आणायचा, कागदाच्या पुड्यांत बांधून बंडीच्या आतल्या खिशात ठेवायचा आणि वाशीम, कारंजा, रिसोड असं एसटीनं हिंडत सराफांना दाखवायचा. राहायला आमच्याच गल्लीत, दुकानाच्या मागच्या अंगाला. आम्ही दोघेही जैन, दोघांचेही आजे याच गल्लीत दुकानं घालून बसलेले, त्यामुळे येणं-जाणं घरच्यासारखं.

माणूस उंच, वाळका, आणि नम्रपणा औषधालाही नाही. "या जिल्ह्यात हिरा पाहता येणारा एकच माणूस हाय," असं ते गिऱ्हाइकांसमोर बेधडक सांगायचे, "अन् तो आता तुह्या दुकानात फुकटचा चहा पिऊन राह्यला." चहालाही नाव ठेवायचे, पण प्यायचे.

पहिल्यांदा त्यांनी माझ्या बोटातली अंगठी पाहिली तो दिवस मला आठवतो. सासऱ्यांनी लग्नात दिलेली. मी काचेवर हात ठेवून बोलत होतो, आणि बोलता बोलता त्यांची नाकपुडी चढली. मला वाटलं माझ्या अंगाला वास येतोय. हळूच शर्टाची बाही हुंगली.

"अंगठी कोणाची?"

"सासऱ्यांनी दिली."

"सासरा चांगला होता?"

"होता की."

"मंग त्याले कोणीतरी फसवलं," असं म्हणून त्यांनी बोटं पँटला पुसली. अंगठीला हातसुद्धा लावला नव्हता.

त्याच दुपारी त्यांनी मला दुकानाच्या पायरीवर नेलं. पायरीवर पत्र्याचं छप्पर आहे, तिथं ऊन पडत नाही, साधा दिवसाचा उजेड असतो. त्यांनी खिशातून एक पुडी काढली, तिच्यातला एक हिरा डाव्या हाताच्या दोन बोटांच्या बेचक्यात बसवला आणि शेजारी माझी अंगठी धरायला सांगितली. "दुकानातले दिवे विसर. दिव्याखाली फुटलेली बाटलीही चमकते. आता पाह्य."

मी पाहिलं. त्यांच्या हिऱ्यात कुठंही नजर टाकली तरी उजेड होता. हात जरा हलला की तो इकडून तिकडे जायचा, पण हिरा सोडून जायचा नाही. माझ्या अंगठीतल्या हिऱ्याच्या मधोमध मात्र एक काळा ठिपका होता. इतकी वर्षं बोटात घालून हिंडलो आणि तो ठिपका मला कधी दिसला नव्हता. त्या दिवसापासून तो ठिपका सोडून दुसरं काही दिसेना.

"हिरा स्वतः काही उजेड पाडत नाही," भाऊ म्हणाले. "उजेड वरून आत जाते. खाली पोटाच्या दोन्ही बाजू उतरत्या कापलेल्या असते, त्याच्यावर आपटते अन् वापस वर येते. उतार बरोबर असला तं सगळाच्या सगळा तुह्या डोळ्यात येते. हा पत्रा पाह्य. ह्याचा उतार चुकला तं पाणी घरात येते का नाही? तसंच हाय. पोट जास्त खोल ठेवलं तं उजेड बाजूनं पळते अन् मधात काळं दिसते. पोट चपटं ठेवलं तं खालून गळून जाते, मंग हिरा काचेच्या चकतीवानी दिसते, कडेनं पांढरं कडं. त्याले पेपरावर पालथा ठेव, खालची अक्षरं वाचता येईन."

"मग मुद्दाम खोल कशाला ठेवतात?"

इथं त्यांचं नाक पुन्हा चढलं. "वजनासाठी. तुमाले वजन पाह्यजे ना. कापणारा पैलू पाडतानी बरोबर उतार दिला तं माल वाया जाते, वजन घटते. म्हणून पोट तसंच सुटलेलं ठेवते. वरून तोंड बारीक, खाली ढेरी. अन् ती ढेरी सोन्यात बसवली की दिसतच नाही. तुमी ढेरीचे पैसे देता."

खरं सांगतो, मला या धंद्याची किळस येते, आणि ती मला भाऊंनी लावली. मी भला चांगला धंदा करत होतो. लोकांना झगमग आवडते, मी झगमग विकत होतो. या माणसानं मला डोळे दिले आणि तेव्हापासून लग्नाच्या पंगतीत माझं जेवण जाईना. समोर बसलेल्याच्या बोटाकडे लक्ष जायचं. एकदा एक ठेकेदार आमच्यासमोर पंगतीत बसला होता. बोटात हरभऱ्याएवढा खडा, मधोमध काळा, आणि त्याच बोटांनी तो कढी-भात कालवून खात होता. मला मळमळलं. शेजारी पाहतो तर भाऊ ताट सोडून उठलेले. वाढपी विचारतोय, काका, काही कमी पडलं का. भाऊ म्हणाले, "उजेड."

तुम्ही कधी सराफाच्या दुकानात उभं राहून लोक हिरा कसा घेतात ते पाहिलंय का? पाहाच. आपल्याकडे सगळं जोखून घ्यायची सवय. तूर जोखायची, सोयाबीन जोखायचं, कापूस जोखायचा, सोनं तर जोखायचंच. तोच माणूस हिरा घ्यायला आला की पहिला प्रश्न, "वजन किती?" मी एकसारख्या किमतीचे दोन हिरे समोर ठेवायचो. एक हलका पण वरून मोठा दिसणारा, उजेडानं भरलेला. दुसरा जड, बारीक तोंडाचा, काळवंडलेला. शंभरातले नव्व्याण्णव जड उचलणार आणि आपण सराफाला गंडवलं म्हणून गालात हसणार. भाऊ कोपऱ्यात बसलेले असले की चहा अर्धा टाकून निघून जायचे. "वजन जोखतात, तोंड कोणी पाहत नाही," एवढंच जाताना पुटपुटायचे.

एकदा माझ्या मेव्हण्याला अंगठी घ्यायची होती आणि ती त्याला शहरातल्या मोठ्या शोरूममधूनच पाहिजे होती. माझं दुकान त्याला दिसत नाही. मला मुकाट बरोबर जावं लागलं, म्हणून मी भाऊंना घेतलं. तिथं छताला नुसते बारीक बारीक दिवे खिळ्यांसारखे ठोकलेले. गारठा असा की दात वाजावेत, आणि कसला तरी गुलाबाचा वास मारलेला. कोट घातलेला एक गोड मुलगा अंगठी दिव्याखाली गर्रकन फिरवायचा आणि मेव्हण्याचा जबडा खाली पडायचा.

भाऊ म्हणाले, "दारापाशी नेऊन पाहू द्या."

"सर, बाहेर नेता येत नाही."

"मंग हा दिवा बंद करा."

मुलगा हसला. त्याला वाटलं म्हातारा गंमत करतोय. भाऊंनी अंगठी एका हातात घेतली, दुसऱ्या हाताचा पंजा वर छत्रीसारखा धरला, तिच्यावरचा दिवा अडवला आणि मला म्हणाले, "ये, पाह्य." मी वाकलो. मधोमध भोक. हिरा विझून गेला होता.

"उजेड गिळून बसला," भाऊ म्हणाले. "ढेकरही देत नाही."

"सर, प्रमाणपत्र आहे याला," मुलगा घाबरून म्हणाला.

"मी कुठं म्हणतो खोटा हाय? खरा हाय म्हणून तं किळस येते. काच असती तं मी हसलो असतो. धरतीनं एवढी वर्षं पोटात सांभाळून एक चीज देली, अन् कोण्या हरामखोरानं जरासं वजन वाचवाले तिचा मुडदा केला." एवढं बोलून त्यांनी बोटं पुसली, आणि ती पँटला नाही, समोरच्या मखमलीला पुसली. मेव्हण्यानं तीच अंगठी घेतली. मेव्हणाच तो. आजही सणावाराला ती मिरवतो आणि मी त्याच्या हातून ताट घेताना दुसरीकडे बघतो.

असलं नाक घेऊन माणूस घरी कसा राहत असेल, असं तुम्हाला वाटेल. पण घरी ते नाक खाली असायचं. वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, बुटक्या, गोऱ्या, बोलक्या. पोटात गोष्ट राहायची नाही, आणि मनात पाप नाही. त्यांच्या हातच्या पेढ्यांना गल्लीत तोड नव्हती. म्हशीचं दूध लोखंडी कढईत तासन् तास आटवून खवा घरीच करायच्या, विकतच्या खव्याला हात लावायच्या नाहीत. दूध लागू नये म्हणून कढईपासून हलायच्या नाहीत, दाराशी कोणी आलं तरी तिथूनच बोलायच्या. भाऊ जगातल्या प्रत्येक गोष्टीला नाव ठेवत, पण पेढा खाताना डोळे मिटून घेत. बस, तेवढंच. वहिनींना तेवढंच लागायचं.

एकच मुलगी. लहानपणापासून तिला बापाचं नाक वाचता यायचं. शाळेतून आली की आधी बापाच्या तोंडाकडे पाहणार आणि मग दप्तर ठेवणार. ती वाशीमला कॉलेजात शिकत असताना मानोऱ्याच्या एका मुलाशी तिचं जमलं. मुलाच्या वडिलांची धान्याची अडत. तेही जैन, घर चांगलं, माणसं चांगली, कोणाची हरकत नव्हती. तरीही त्या मुलीचा जीव टांगणीला लागला होता. कारण मुलाचे वडील भारी मानी होते. एक सोयरीक त्यांनी आधी मोडली होती, आणि ती कशावरून, तर त्या मुलीचा मामा त्यांच्या घराचा रंग पाहून हसला होता म्हणून. एकदा उठले की पुन्हा बसत नाहीत, असं त्यांच्याबद्दल सगळे सांगायचे. आणि इकडे बापाचं हे नाक.

मुलीच्या घरी साक्षगंध ठरलं, म्हणजे साखरपुडा. आमच्यात एक रीत आहे. अंगठी बोटात जायच्या आधी ताटात तांदळावर ठेवून बसलेल्या वडीलधाऱ्यांमध्ये फिरवतात. प्रत्येकानं ती हातात घ्यायची, पाहायची, छान आहे म्हणायचं आणि ताट पुढे द्यायचं. मुलीनं आठवडाभर आधीच माझ्याकडे येऊन विचारलं होतं, "काका, अंगठी कशी असंन?"

"मला काय माहीत पोरी. त्यांनी बाहेरून आणली म्हणतात."

"तुम्ही बाबांजवळ बसा. मले दुसरं काही नको. मले फक्त ते घर पाह्यजे." असं बोलताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, बसतो.

साक्षगंधाच्या दिवशी पाहतो तर भाऊंच्या तोंडावर मास्क. कोरोनातला उरलेला, निळा, डोळ्यांपर्यंत ओढलेला. मुलीनं सकाळी स्वतःच्या हातानं कानांना अडकवून दिला होता आणि बजावलं होतं, पाहुणे जाईपर्यंत काढायचा नाही. सर्दी झाली म्हणून सांगायचं ठरलं होतं. भाऊ मास्कमधून मला म्हणाले, "म्हशीले मुसकं बांधते तसं बांधलं पोरीनं मले." पण बसले मुकाट.

आता इथं एक गोष्ट ध्यानात घ्या. कार्यक्रम रात्री असता तर मांडवातल्या लखलखाटात सगळं खपून गेलं असतं. पण आम्ही पडलो जैन. पाहुण्यांचं जेवण दिवस बुडायच्या आत व्हायला पाहिजे, म्हणून साक्षगंध टळत्या दुपारी. अंगणात पांढऱ्या कापडाचा मांडव, आणि त्यातून गाळून आलेला साधा, स्वच्छ उजेड. हिऱ्याला या उजेडात काही लपवता येत नाही.

मुलाचे वडील खुशीत होते. ताट निघालं तेव्हा आमच्याकडे वळून म्हणाले, "व्याही, वजनात कमी नाई केलं बरं. तिथं दोन होत्या. मी म्हटलं, जड असंन ते द्या."

माणूस प्रामाणिक होता, पैशाला मागेपुढे पाहिलं नव्हतं, सुनेसाठी जड ते आणलं होतं. आयुष्यभर तूर जोखली, हिराही तसाच जोखला.

आणि नेमक्या त्या वेळी मुलाची आई वहिनींच्या पेढ्यांची थाळी घेऊन भाऊंसमोर उभी राहिली. "व्याही, तोंड गोड करा." मास्क हनुवटीखाली गेला. पेढा तोंडात गेला. अंगठीचं ताट पुढ्यात आलं.

त्यांनी अंगठी उचलली. मी शेजारी होतो, मला दिसलं. मधोमध काळं भोक, कडेला मरगळलेली राखी रेघ. असला मुडदा मी माझ्या आयुष्यात काउंटरवर ठेवला नव्हता. मी हिऱ्याकडे पाहणं सोडलं आणि भाऊंच्या नाकाकडे पाहिलं. शेंडा हलला. नाकपुडी चढली. ओठ चढला. त्यांनी थांबवायचा प्रयत्न केला, मला दिसत होतं, गालाच्या शिरा ताणल्या होत्या. पण ते नाक त्यांचं ऐकणारं नव्हतं. सगळ्या मांडवानं पाहिलं. आतल्या दाराच्या चौकटीशी मुलगी उभी होती, तिनं भिंतीला हात टेकला.

मुलाच्या वडिलांचं हसू थांबलं. "काय झालं जी? काही खोट हाय का?"

भाऊंनी तोंडातला घास गिळला. मग म्हणाले, "पेढा खवट हाय."

कोणाला काही कळेना. भाऊच पुढे बोलले, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "आमचा पेढा. दूध नासकं लागलं असंन, नाई तं खवा शिळा. पाहुण्यांच्या ताटात असं द्यायले नको होतं. माफ करा. अंगठी लय छान हाय, पाहा, उजेड कसा खेळून राह्यला." आणि त्यांनी ताट पुढे सरकवलं.

माझ्या तोंडात तोच पेढा होता. त्याला नाव ठेवायला जागा नव्हती. वेलदोडा बेतशीर, साखर बेतशीर, जिभेवर विरघळत होता. आणि मी तो गिळू शकत नव्हतो.

मुलाचे वडील सैलावले. दारातल्या मुलीनंही भिंतीवरचा हात काढला. मोठ्या मनानं म्हणाले, "होते जी, गर्मीचे दिवस हायेत. मले तं चांगला लागला." पण बाकीच्यांचं काय सांगू तुम्हाला. क्षणापूर्वी मिटक्या मारत खाणारी माणसं अर्धे पेढे थाळीत टाकू लागली. दोन पेढे पोटात घातलेल्या एका बाईनं तिसरा पदराआड थुंकला आणि शेजारणीला म्हणाली, मले तं आधीच वास आला होता. माणसाच्या जातीची इतकी शिसारी मला कधी आली नव्हती. यांना पेढाही दुसऱ्यानं सांगितल्यावर कळतो आणि हिराही.

वहिनी दुसरी थाळी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आल्या होत्या. पहाटेपासून कढईशी उभ्या होत्या. मला वाटलं आता बोलतील, त्यांचा स्वभावच तसा. पण त्यांनी चकार शब्द काढला नाही. थाळी खाली ठेवली, मांडवात आल्या आणि एकेका पाहुण्याच्या हातातला पेढा परत घेत गेल्या. माझ्याही. मी त्यांच्याकडे वर पाहिलं नाही. परातभर पेढे त्या संध्याकाळी गाईच्या पुढ्यात गेले. मुलीच्या बोटात अंगठी गेली आणि सोयरीक पक्की झाली.

दुसऱ्या दिवशी भाऊ माझ्या पायरीवर येऊन बसले. चहा आणला तर घेतला नाही.

"नाक माह्या ताब्यात नाही," म्हणाले. "जीभ होती, ती वापरली. पाहुणा सहन करत नाही, घरचं माणूस करते."

"पण आता तरी वहिनींना सांगा की. रात्रभर रडल्या असतील."

"रडली नाई. तेच तं. तिले सांगितलं तं तिच्या पोटात राह्यणार नाई. आज नाई तं दोन वर्षांनं पोरीजवळ बोलून जाईन. मंग पोरगी ते मढं बोटात घालून त्या घरात कशी वावरंन? अन् व्याह्याले कळलं तं? त्या माणसाचा काय दोष हाय? जाऊ दे. मले पेढा आता नाई भेटला तं मरत नाई मी."

मला तेव्हा त्यांचा राग आला होता. आजही येतो. माणसानं बायकोच्या हाताला असा बट्टा लावू नये, कारण काहीही असो. पण ती पोरगी त्या घरात सुखात आहे, सासरा तिला लेकीसारखं वागवतो, हेही मला दिसतं. दोन्ही गोष्टी मला एकदम पचत नाहीत.

वहिनींनी त्यानंतर पेढा केला नाही. कढई माळ्यावर गेली. भांडल्या नाहीत, टोमणा मारला नाही, फक्त कामापुरतं बोलायच्या. दिवाळीला, महावीर जयंतीला बसस्टँडवरच्या हॉटेलातून पेढे आणून भाऊंसमोर ठेवायच्या. "घ्या. हे खवट नसंन." ते पेढे म्हणजे पिठूळ साखरेचे गोळे, तुपाचा वास आठवड्यापूर्वीचा. मी एकदा समोर होतो. भाऊंनी सबंध पेढा खाल्ला, हळूहळू, आणि चेहऱ्यावरची रेघ हलू दिली नाही. साक्षगंधाला जे जमलं नव्हतं ते आता जमायला लागलं होतं.

आणि एकदा जमलं ते सगळीकडेच जमलं. दुकानात मी मुद्दाम त्यांच्यापुढे घाणेरडे खडे ठेवून पाहिले. ढेरपोटे, चपटे, एकदा तर इतका वाकडा कापलेला की चतकोर भागात उजेडच नाही. भाऊंनी चिमट्यात धरला, पाहिला, ठेवला. "ठीक हाय." मी म्हटलं, भाऊ, नीट पाहा. "पाह्यला ना. ठीक हाय." बोटंही पुसली नाहीत. मला त्या माणसाच्या नाकाचा इतकी वर्षं त्रास झाला होता, पण ते नाक असं खाली पडलेलं पाहून मला रडू यायचं. पुढे त्यांनी सुरतेला जाणंही सोडलं. विचारलं तर म्हणाले, "कोणाले नावं ठेवू आता? सगळ्यात मेलेला मीच हाय."

गेल्या पावसाळ्यात ते गेले. दुपारचे झोपले ते उठले नाहीत.

भेटायला गेलो तेव्हा घरात वहिनी होत्या, मुलगी होती, आणि जावई बाहेर ओट्यावर बसले होते. दार उघडंच होतं. मुलगी आईच्या पाठीवरून हात फिरवत होती. त्याच हातात ती अंगठी. मी दुसरीकडे पाहत इकडचं तिकडचं बोललो. निघायला उठलो तशी वहिनींनी मला हातानं थांबवलं.

"तुमी एक सांगा मले. तुमी त्या दिवशी बाजूलेच बसले होते. तुमी खाल्ला होता ना माहा पेढा?"

"हो."

"खवट होता का? खरं सांगा. ह्या माणसानं आयुष्यात मले कधी नाव नाई ठेवलं. अन् ठेवलं ते भर मांडवात. मी रोज इचार करतो, काहून? मी काय केलं होतं?"

मुलीचा हात आईच्या पाठीवर थांबला. ओट्यावर जावई खोकले. मी त्या बाईच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणालो, "होता वहिनी. जरासा होता."



"मंग माहंच दूध चुकलं," म्हणाल्या. "अन् मी त्या बिचाऱ्याशी इतकी वर्षं धड बोलली नाई."

मग भिंतीवरच्या फोटोकडे वळल्या, पदर डोक्यावरून ओढून घेतला आणि हात जोडले. "चूक झाली. माफ करजा जी."

बाहेर जावई म्हणाले, काका, चहा घेऊन जा. मी नको म्हटलं.